स्पॅमअसॅसिनचा बेज आणि मेलची हेडर्स: कामाच्या नोंदी

स्पॅमअसॅसिन हा स्पॅम गाळणारा प्रोग्रॅम. बेज हा त्यातला शिकणारा भाग: स्पॅम आणि हॅम (चांगले मेल) दाखवले की त्यांतल्या शब्दांवरून आणि हेडर्सवरून (मेलच्या वरच्या माहितीच्या ओळी) तो नव्या मेलचा अंदाज बांधतो. यंत्रणा अशी: डेबियन १२, पोस्टफिक्स (मेल-सर्व्हर), स्पॅमअसॅसिन ४.०.०, त्याची सतत चालणारी सेवा स्पॅम-डी मिल्टरमधून (मेल तपासणीला देणारा जोड-प्रोग्रॅम) जोडलेली. पुण्यातल्या एका छोट्या कार्यालयाचे ४२ मेलबॉक्स. मेल मराठी, इंग्रजी, थोडे हिंदी. मेल दोन रस्त्यांनी येतात. बहुतेक थेट स्वतःच्या एमएक्सवर (डोमेनचे मेल स्वीकारणारा सर्व्हर) येतात. सात जुने पत्ते मात्र अजून जुन्या होस्टिंगवर आहेत. तिथले मेल फेचमेल दर ५ मिनिटांनी पॉप३ने ओढून आणतो. त्या होस्टिंगच्या दारात त्यांचं स्वतःचं स्पॅम-गेटवे आहे आणि ते प्रत्येक मेलवर आपलं मत हेडर म्हणून चिकटवतं. त्या हेडरला इथे एक्स-गेटवे-निकाल म्हटलं आहे.

सेटिंग, कमांड आणि टोकन (बेज मेलमधून सुटे करतो ते तुकडे) यांची नावं खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, अंडरस्कोर जागच्या जागी ठेवून लिहायची.

४ मार्च २०२४, सोमवार

तक्रार: त्या सात पत्त्यांवरचे चांगले मेल जंकमध्ये पडताहेत. पंधरा मेल तपासले. सगळ्यांवर बेज_९९ आणि बेज_९९९ (बेजच्या मते स्पॅमची शक्यता ९९ आणि ९९.९ टक्क्यांच्या वर) दोन्ही नियम लागलेले. म्हणजे ३.५ अधिक ०.२, एकट्या बेजचेच ३.७ गुण. हद्द ५.० ची, तेवढे गुण झाले की मेल स्पॅम. उरलेले १.३ कुठल्याही भडक एचटीएमएलने सहज भरतात.

किती मेल शिकवलेत ते पाहायला एसए-लर्न (बेजला शिकवणारी कमांड) --डंप मॅजिक चालवलं तर स्पॅम ०, हॅम ०. डेटाबेस उडाला की काय म्हणून बॅकअप शोधण्यात तास गेला. उडालं काहीच नव्हतं. कमांड रूट म्हणून चालवली होती, म्हणून ती रूटच्या होम डिरेक्टरीतला रिकामा डेटाबेस दाखवत होती. स्पॅम-डी चालतो डेबियन-स्पॅमडी या यूजरखाली. सुडो -यू डेबियन-स्पॅमडी लावून पाहिलं तेव्हा खरे आकडे दिसले: स्पॅम २,३१८, हॅम ६११.

बेज_पाथ (डेटाबेसची जागा) लोकल.सीएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये एकदाच पक्का केला, म्हणजे हा घोळ परत नको. इथे दोन खड्डे आहेत. पाथचा शेवटचा तुकडा ही डिरेक्टरी नाही, फाइलच्या नावाची सुरुवात आहे. शेवटी नुसतं '.../बेज' लिहिलं तर फाइली बेज_टोक्स, बेज_सीन अशा होतात. 'बेज' नावाची डिरेक्टरी हवी असेल तर '.../बेज/बेज' असं दोनदा लिहायचं. दुसरा खड्डा: पाथ सामायिक झाला की रूटने चालवलेलं एसए-लर्न त्याच फाइलींना हात लावतं, त्या रूटच्या मालकीच्या होतात आणि स्पॅम-डीला 'परमिशन डिनाइड' मिळतं. मेल येत राहतात, फक्त बेजचा एकही नियम लागत नाही. लॉग उघडून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

वेळ: ३ तास, त्यातला १ वाया.

५ मार्च

बेज कशाच्या जोरावर ९९ म्हणतोय ते पाहायचं. डेटाबेसमध्ये टोकन हॅश करून (मूळ शब्द परत वाचता येणार नाही अशा रूपात) ठेवलेली असतात, त्यामुळे --डंप डेटामध्ये शब्द दिसत नाहीत. शब्द दिसतात ते तपासणी चालू असताना: सुडो -यू डेबियन-स्पॅमडी स्पॅमअसॅसिन -डी (मोठा डी) बेज, त्यात मेलची फाइल सोडायची आणि एरर आउटपुटमधून 'टोकन' असलेल्या ओळी गाळून घ्यायच्या.

एका अगदी साध्या मेलमध्ये (छपाईच्या कागदाचं दरपत्रक) वरच्या ओळी अशा निघाल्या (आकडा १ च्या जवळ म्हणजे स्पॅम, ० च्या जवळ म्हणजे हॅम):

एचएक्स-गेटवे-निकाल:क्लीन – ०.९९७
एच*आरयू:(होस्टिंगच्या सर्व्हरचं नाव) – ०.९९८
एचटू:यू*(पत्त्याचा पहिला भाग) – ०.९८९
दरपत्रक – ०.०३१

पहिली ओळ नीट पाहा. गेटवेने 'क्लीन' म्हटलंय आणि आपल्या बेजला तेच स्पॅमचं लक्षण वाटतंय.

कारण प्रशिक्षणात सापडलं. स्पॅम म्हणून शिकवलेल्या २,३१८ पैकी साधारण १,९०० मेल जुन्या होस्टिंगवरून आलेले होते. तिथल्या गेटवेच्या नजरेतून सुटलेला कचरा हाताशी आयता होता. हॅम सगळं थेट एमएक्सवरचं, लोकांच्या चालू फोल्डरांतून उचललेलं. बेज स्पॅम ओळखायला शिकलाच नाही. मेल कुठल्या रस्त्याने आला तेवढं ओळखायला शिकला.

टोकनच्या आधीची अक्षरं वाचायची सवय करून घ्या. 'एच' म्हणजे हेडरमधलं. नेहमीच्या हेडर्सना छोटी नावं आहेत: *आर म्हणजे रिसीव्ह्ड, *एफ म्हणजे फ्रॉम, *आरटी आणि *आरयू म्हणजे विश्वासू आणि परके रिले (मेल पुढे देणारे मधले सर्व्हर). ज्याच्यापुढे काहीच नाही तो मजकुरातला शब्द.

६ मार्च

लोकल.सीएफमध्ये ओळ घातली: बेज_इग्नोअर_हेडर एक्स-गेटवे-निकाल. लिंट (सेटिंगची तपासणी) स्वच्छ. मेल पुन्हा तपासला, टोकन तिथेच. दीड तास गेला तो एका कोलनपायी: हेडरच्या नावापुढे सवयीने कोलन टाइप झालं होतं. नाव पूर्ण आणि हुबेहूब जुळावं लागतं. कोलनसकट नावाचं हेडर जगात नाही, म्हणून ओळ निरुपयोगी, आणि लिंटला त्यात काही वावगं दिसत नाही. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक चालतो. तारा (*) टाकून 'या नावाने सुरू होणारी सगळी' असं मात्र लिहिता येत नाही, प्रत्येक नाव वेगळं द्यावं लागतं.

कोलन काढल्यावर हाताने तपासलेल्या मेलमधून टोकन गेलं, पण नवे मेल अजून जुन्याच पद्धतीने मोजले जात होते. स्पॅम-डी लोकल.सीएफ सुरू होतानाच वाचतो. रीस्टार्ट केलेला नव्हता.

हे सेटिंग शिकताना आणि तपासताना दोन्ही वेळा लागू होतं, म्हणून आधी शिकलेली टोकन डेटाबेसमधून खणून काढावी लागत नाहीत. ती पडून राहतात, कोणी विचारत नाही, मुदत संपली की जातात. एक्स-गेटवेचा प्रश्न एवढ्याने मिटला. बाकीचा नाही.

७ मार्च

नेटवर फिरणाऱ्या ५०–६० ओळींच्या तयार 'इग्नोअर' याद्या चिकटवायचा मोह झाला. त्याऐवजी बेजच्या प्लगिनची पर्ल फाइल उघडून वाचली. अर्धा तास लागला आणि तो सत्कारणी लागला. बरीच हेडर्स तिथे आधीच वगळलेली आहेत: डेट (स्पॅमचा साठा जुना आणि हॅम नवं असेल तर तारीखच निकाल देऊन बसते), डिलिव्हर्ड-टू, मेलिंग लिस्टची हेडर्स, स्वतःची एक्स-स्पॅम हेडर्स. डीकेआयएम सहीचा (पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल सही) मजकूर घेत नाहीत, ती आहे एवढीच नोंद. रिसीव्ह्डच्या ओळींपैकी फक्त तळच्या दोन घेतात, म्हणजे मेलने प्रवास सुरू केला तिथल्या.

यादीसाठी कसोटी ठरवली: हेडर रस्त्यातल्या कोणीतरी चिकटवलं असेल तर वगळायचं, पाठवणाऱ्याने किंवा त्याच्या प्रोग्रॅमने लिहिलं असेल तर ठेवायचं. एक्स-मेलर, यूजर-एजंट, मेसेज-आयडीची घडण, कॉन्टेंट-टाइप ही बेजची खरी शिदोरी. तयार याद्यांमध्ये हीसुद्धा वगळलेली दिसतात, का ते याद्या करणाऱ्यांनाच ठाऊक.

९ मार्च, शनिवार

एच*आरयू. होस्टिंगचा सर्व्हर 'परका' मोजला जात होता, कारण ट्रस्टेड_नेटवर्क्समध्ये (विश्वासू सर्व्हरांची यादी) तो कधी घातलाच नव्हता. परिणाम दुहेरी. बेजला प्रत्येक ओढून आणलेल्या मेलवर तेच एक नाव दिसायचं. शिवाय डीएनएस काळ्या याद्यांची (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या याद्या) विचारणा खऱ्या पाठवणाऱ्याऐवजी होस्टिंगच्याच आयपीबद्दल व्हायची, म्हणजे त्या सात पत्त्यांसाठी काळ्या याद्या असून नसल्यासारख्या.

होस्टिंगच्या आत येणाऱ्या सर्व्हरचे आयपी पट्टे ट्रस्टेड_नेटवर्क्स आणि इंटर्नल_नेटवर्क्स दोन्हींत घातले. ते आपल्या वतीने मेल स्वीकारतात, म्हणून इंटर्नलही. पट्टे होस्टिंगच्या कागदांवरून न घेता, तीन महिन्यांच्या मेलमधल्या रिसीव्ह्ड ओळी गोळा करून ठरवले. कागदावर एक पट्टा होता, प्रत्यक्षात तीन निघाले.

काळ्या याद्या लगेच कामाला लागल्या. बेजमध्ये मात्र तेच नाव आता एच*आरटी होऊन समोर आलं: परक्यांच्या रांगेतून उठून घरच्यांच्या रांगेत बसलं, खूण तीच. एक्स-स्पॅम-रिलेज-ट्रस्टेड हे खरं हेडर नाही, स्पॅमअसॅसिन तपासताना मनात तयार करतो. पण बेज_इग्नोअर_हेडर त्यालाही लागू पडतं. घातलं. *आरयू ठेवलं, कारण तिथे आता खरा पाठवणारा दिसतो.

फेचमेल वापरणाऱ्यांसाठी: डेबियनमधल्या मिल्टरच्या मूळ सेटिंगमध्ये -आय १२७.०.०.१ असतं, म्हणजे लोकलहोस्टवरून आलेलं काही तपासायचं नाही. फेचमेल मेल लोकलहोस्टवरूनच आत देतो. इथे ते आधीच काढलेलं होतं. तसं नसेल तर वरच्या सगळ्या खटाटोपाचा फेचमेलच्या मेलवर काही उपयोग नाही.

११ मार्च

होस्टिंगचं गेटवे संशयित मेलच्या विषयापुढे चौकटी कंसात 'स्पॅम' असा शिक्का मारतं. बेज_इग्नोअर_हेडर सब्जेक्ट लिहून पाहिलं, काही फरक नाही. कारण बेजसाठी विषय हा मजकुराचा भाग असतो. मजकुराच्या पहिल्या ओळीत तो जोडलेला असतो आणि टोकनला 'एच' लागत नाही. हेडर म्हणून वगळून काही हाती लागत नाही. ओळ काढून टाकली.

उपाय एकच: शिक्का मुळात नको. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये तीन पातळ्या खाली 'विषय बदला' अशी टिकची खूण होती, ती काढली. शिकवण्यासाठी ठेवलेल्या जुन्या मेलमधला शिक्का सेडने (मजकूर बदलणारी कमांड) काढला. मराठी विषय सांकेतिक रूपात असतो, पण शिक्का त्याच्या आधी साध्या अक्षरांत असतो, म्हणून सेडला अडचण आली नाही.

१२ मार्च

आतल्या आत पाठवलेल्या काही मेलवर बेज_८०. टोकन पाहिली तर स्वतःच्याच डोमेनचं नाव आणि कार्यालयात सगळे वापरतात त्या मेल-प्रोग्रॅमचं नाव स्पॅमकडे झुकलेलं. मागे कधीतरी लोकांना सांगितलं होतं, 'स्पॅम आला की या पत्त्यावर फॉरवर्ड करा.' फॉरवर्ड केलेल्या मेलची हेडर्स फॉरवर्ड करणाऱ्याची असतात. असे ६४ मेल शिकवले गेले होते. बेजच्या लेखी सहकारीच स्पॅम पाठवत होते.

पत्ता बंद केला. त्याऐवजी प्रत्येकाच्या आयमॅपमध्ये 'स्पॅम-शिकवा' आणि 'चांगले-शिकवा' असे दोन फोल्डर. मेल उचलून टाकला की मूळ हेडर्स जशीच्या तशी राहतात. लोकांना फॉरवर्डपेक्षा हे सोपंच पडलं.

ते ६४ मेल --फरगेटने विसरायला लावायचा विचार होता. पण इग्नोअरची यादी बदलल्यामुळे --फरगेट आता शिकताना काढली होती तीच टोकन काढणार नाही, काही मोजण्या अर्धवट उरतील. मुळातच साठा एका रस्त्याचा. डागडुजी सोडून दिली. सगळं पुसून नव्याने.

१६ मार्च, शनिवार

दिवसभर साठा जमवणं. ७०० स्पॅम, ७०० हॅम. दोन्हींत निम्मे थेट आलेले, निम्मे फेचमेलचे. खरा उपाय हा आहे. इग्नोअर यादी नजरचुकीने सुटलेलं झाकते, पण दोन्ही रस्त्यांवर दोन्ही प्रकार सारखे असतील तर रस्त्याच्या खुणेला वजनच उरत नाही. ओढून आणलेल्या मेलमधलं हॅम वेचायला सर्वांत जास्त वेळ गेला: ३५० मेल, एकेक उघडून, ४ तास. जाहिरातीची पण मागवलेली पत्रं (बँक, रेल्वे, पुस्तकांची दुकानं) हॅममध्ये. यात कंटाळा केला तर पुढे भोगावं लागतं.

डाउनलोडला मिळणारे सार्वजनिक साठे घेतले नाहीत. त्यांतला ओळखीचा साठा २००२ च्या आसपासचा आहे; तेव्हाची हेडर्स आजच्या कार्यालयाच्या कामाची नाहीत.

काही हॅम थंडरबर्डच्या लोकल फोल्डरमधून आलेलं. थंडरबर्ड स्वतःची एक्स-अकाउंट-की आणि एक्स-मोझिला अशी हेडर्स वर घालतो. फक्त हॅममध्येच ती असतील तर तोही आडमार्ग झाला. शिकवण्याआधी फॉरमेल या कमांडच्या -आयने (मोठा आय) प्रत्येक मेलमधून काढली.

एसए-लर्न --बॅकअप घेतला, मग --क्लिअर. शिकवताना पहिल्या फेरीत ७०० पैकी ५३१ हॅमच तपासल्याचं दिसलं. एसए-लर्न मुळात २५६ केबीपेक्षा मोठे मेल सोडून देतो, आणि या कार्यालयाचं निम्मं हॅम स्कॅन केलेल्या पावत्यांसकट येतं. --मॅक्स-साइझ ५१२००० दिल्यावर ७०० तपासले, ६८८ शिकले. बाकीचे १२ दुहेरी प्रती. दोन्ही बाजूंना किमान २०० झाल्याशिवाय बेजचे नियम लागतच नाहीत, ते केव्हाच ओलांडलं.

चाचणीसाठी १०० हॅम आणि १०० स्पॅम आधीच बाजूला ठेवले होते, दोन्ही रस्त्यांचे निम्मे निम्मे. चाचणी चालवताना बेज_ऑटो_लर्न ० असं --सीएफने द्या. नाहीतर तपासता तपासता तो चाचणीचेच मेल शिकून घेतो आणि दुसऱ्या फेरीचे गुण फुगतात. पहिल्या फेरीत ती चूक झाली, डेटाबेस बॅकअपवरून परत आणावा लागला.

जुन्या डेटाबेसवर त्या १०० हॅमपैकी ३१ बेज_८० किंवा वर. नव्यावर २. स्पॅमपैकी ८० च्या खाली राहिलेले आधी ६, आता ११. स्पॅमकडची ही थोडी घसरण अपेक्षित होती: आधीचं यश रस्त्याची खूण पाहून मिळालेलं होतं.

वेळ: ९ तास.

१८ मार्च

त्या दोन चुकीच्या हॅमपैकी एक संपूर्ण मराठी, सभेची सूचना. मजकुरात स्पॅमसारखं काही नाही, तरी बेजला मजकुरातून काहीच हाती लागत नव्हतं, सगळा निकाल हेडरवर. डीबगमध्ये मराठी शब्दांऐवजी हे दिसलं: यू८:म, यू८:ह, यू८:ा, यू८:न…

कारण लांबी. टोकन १५ पेक्षा लांब असेल तर बेज ते तोडतो, आणि ते १५ म्हणजे बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासकट, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं. म्हणजे पाच चिन्हं झाली की मर्यादा संपली. 'पावती' पाच चिन्हांची, १५ बाइट, काठावर वाचते. 'पावत्या' २१ बाइट, चुरा. 'सभासद' वाचतो, 'सभासदांना' नाही. 'इतिवृत्त' २४. चुरा झाला की उरतात सुटी अक्षरं, आणि सुट्या 'म'वरून स्पॅम की हॅम कोण सांगणार? मराठी मेलमध्ये हेडर्सना नको तितकं वजन का येतं त्याचं हे उत्तर. विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटतात म्हणून मराठीला याचा फटका जास्त.

आवृत्ती ४.० मध्ये बेज_मॅक्स_टोकन_लेंग्थ आहे. आकडा ठरवायला हॅममधले लांब नेहमीचे शब्द मोजले. 'महानगरपालिकेच्या' १६ चिन्हं, ४८ बाइट. ४५ ठेवलं असतं तर या कार्यालयाच्या निम्म्या पत्रव्यवहारातला शब्द तुटला असता. ४८ ठेवलं.

याची किंमत हेडर्समध्ये मोजावी लागते. १५ पेक्षा लांब रोमन टोकन बेज पहिल्या सात अक्षरांवर आणतो आणि पुढे 'एसके:' लावतो. त्यामुळे एकाच कंपनीचे शेकडो सर्व्हर, ज्यांची नावं सारखी सुरू होतात, एका टोकनमध्ये जमायचे. आता पूर्ण नावं राहतात आणि प्रत्येक सर्व्हर वेगळा मोजला जातो. म्हणून आकडा ६० किंवा १०० असा सैल सोडला नाही.

टोकन बदलली म्हणजे पुन्हा --क्लिअर आणि पुन्हा सगळं शिकवणं. हे सेटिंग १६ तारखेच्या आधी करायला हवं होतं. साठा तयार असल्यामुळे नुकसान ४० मिनिटांचंच. टोकनची संख्या ६१ हजारांवरून ९६ हजार. प्रत्येक टोकन हॅश करून ठेवलं जात असल्यामुळे लांब टोकन जास्त जागा खात नाही, फक्त संख्या वाढते. बेज_एक्स्पायरी_मॅक्स_डीबी_साइझ १,५०,००० वरून ३,००,००० केलं.

सभेची सूचना आता बेज_००. चाचणीत हॅम चुकीचं १, स्पॅम सुटलेलं ७.

२० मार्च

उरलेला एक. 'इन्फो' या सामायिक पत्त्यावर आलेली पहिलीच चौकशी, दोन ओळींची. त्या पत्त्यावर स्पॅमचा पाऊस असतो, म्हणून 'टू'मधलं एचटू:यू*इन्फो हे टोकन ०.९७. मजकूर दोन ओळींचा असला की पत्ताच भारी पडतो.

प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा असता तर हा प्रश्न आला नसता. इथे सगळ्यांचा मिळून एक आहे. बेज_इग्नोअर_हेडर टू घातलं. पाठवणाऱ्याने लिहिलेलं हेडर वगळायचं नाही ही वरची कसोटी इथे मोडली, जाणूनबुजून: 'टू'मध्ये काय आहे ते पाठवणाऱ्यापेक्षा आपल्या मेलबॉक्सबद्दलच जास्त सांगतं. सीसी ठेवलं. कार्यालयाच्या कामात सीसीत ओळखीची माणसं असतात, ते हॅमचं चांगलं लक्षण आहे.

तोटा दिसलाच: 'टू'मध्ये कार्यालयातले आठ-दहा पत्ते वर्णानुक्रमाने भरून येणारा एक स्पॅम बेज_९५ वरून ६० वर उतरला. त्यासाठी बेज नको, साधा नियम लिहिला.

२३ मार्च

फिशिंग, 'मेलबॉक्स भरला आहे' छापाचं, बेज_००, म्हणजे उणे १.९ गुणांची भेट. एका मोठ्या क्लाउड सेवेवरच्या कोणाच्या तरी फोडलेल्या खात्यातून आलेलं. नेहमीचे निम्मे ग्राहक तीच सेवा वापरतात, म्हणून रिसीव्ह्डच्या तळच्या दोन ओळींतली टोकन हॅमकडे पूर्ण झुकलेली.

बेज_इग्नोअर_हेडर रिसीव्ह्ड लिहिता येतं आणि ते चालतं. चाचणी साठ्यावर करून पाहिलं: फिशिंग ०० वरून ४० वर आलं, पण सुटलेला स्पॅम ७ वरून १६. घरगुती जोडण्यांवरून, खोट्या हेलो नावांनी (जोडणी करताना पाठवणारा सांगतो ते नाव) येणारा कचरा याच ओळींमुळे पकडला जातो. ओळ काढून टाकली. जंकमध्ये आणि लोकांकडे शोधून अशी ११ फिशिंग पत्रं शिकवली. मग त्या सेवेची टोकन मधोमध आली आणि निकाल मजकुरावर लागू लागला. दोन दिवसांनी आलेलं तसलंच पत्र बेज_८०. २५ला धुळवडीच्या सुट्टीत कार्यालय बंद, पत्र मात्र वेळेवर आलं.

३० मार्च

गेटवेचं मत पूर्ण फेकून देणंही बरोबर नाही, ते बऱ्याचदा खरं असतं. बेजपासून लपवलं, पण साध्या हेडर-नियमात घेतलं: एक्स-गेटवे-निकालमध्ये 'स्पॅम' असेल तर १.५ गुण. त्या नियमाला टीफ्लॅग्ज नोऑटोलर्न लावलं. नाहीतर परक्याच्या मताने मिळालेल्या गुणांवर आपला बेज आपोआप शिकतो आणि ज्या दाराने ते बाहेर काढलं, त्याच्या शेजारच्या खिडकीतून आत येतं.

मग बेज_ऑटो_लर्न पुन्हा चालू. स्पॅमची हद्द मूळची १२.० तशीच, त्यातही हेडरमधून किमान ३ आणि मजकुरातून किमान ३ गुण लागतात, ती अट चांगली आहे. हॅमची मूळ हद्द ०.१ फार सैल: नवा, नियमांना अजून माहीत नसलेला स्पॅम ० गुणांनी येतो आणि हॅम म्हणून शिकला जातो. उणे ०.५ केली. आर्थिक वर्षाअखेरीची बिलं आणि स्मरणपत्रं याच आठवड्यात, दिवसाला नेहमीच्या दीडपट मेल. जंकमध्ये गेलेलं चांगलं पत्र: एकही नाही.

१३ एप्रिल

त्या सात पत्त्यांपैकी दोघांकडे पुन्हा बेज_८०, तीन दिवसांत चार मेल. डीबगमध्ये पहिली ओळ: एचएक्स-गेटवे-निकाल-व्ही२. होस्टिंगने गेटवे बदललं आणि हेडरच्या नावात शेपूट जोडलं, कोणाला न कळवता. नाव हुबेहूब जुळावं लागतं, त्यामुळे जुनी ओळ बाद. ऑटो-लर्नने मधल्या काळात या हेडरसकट ३८ स्पॅम शिकून घेतले होते. फेचमेलचं हॅम उणे ०.५ ची हद्द क्वचितच गाठतं, म्हणून हॅमच्या बाजूने या टोकनला एकही मत नव्हतं.

नवं नाव जोडलं, गुणांच्या नियमातही बदललं, रीस्टार्ट. २० मिनिटं.

दर सोमवारी सकाळी चालणारी एक छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये टाकली: आठवड्यातल्या ओढून आणलेल्या मेलमधली सगळी हेडर-नावं काढते, मागच्या आठवड्याच्या यादीशी ताडून पाहते आणि नवं नाव दिसलं तर मेल करते. पहिल्याच फेरीत नऊ नवी नावं आली. आठ पाठवणाऱ्यांची होती, ती ठेवली. नववं होस्टिंगच्या व्हायरस-तपासणीचं होतं, ते यादीत गेलं.